माझ्या सर्टिफिकेटचा एकरी उतारा

कंपनीत माझं काम होतं ओरखडे शोधायचं. कारेगावात आम्ही चौघी पोरी एका खोलीत राहायचो. सकाळी कंपनीची बस यायची आणि मग दिवसभर ट्यूबलाइटखाली प्लास्टिकचे काळे डबे उलटेपालटे करून बघायचे. ओरखडा दिसला की लाल मार्करनं फुली मारायची आणि डबा रिजेक्टच्या क्रेटमध्ये टाकायचा. पहिले काही महिने मी इमानदारीत फुल्या मारल्या. मग एकदा फुलीला पाकळ्या काढल्या, मग देठ, मग पानं. एका डब्यावर तर अख्खी कोंबडीच काढली, कारण ओरखडा नेमका चोचीसारखा होता आणि तो वाया घालवायचं माझ्या जिवावर आलं.

सुपरवायझर बिहारकडचा. त्यानं क्रेट बघितला, कोंबडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "मैडम, माल चेक कर रही हो या मंडप सजा रही हो?" सगळी लाइन फिदीफिदी हसली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण मला वाटलं, अरेच्चा, या माणसाला माझं बरोबर कळलं.

त्याच आठवड्याच्या सुट्टीत मी शिरूरला जाऊन चौकशी करून आले. एक दुमजली इमारत, खाली खतं-औषधांचं दुकान आणि वर कला. चित्रकला, अक्षरकाम आणि सजावट, एक वर्षाचं सर्टिफिकेट. जिन्यात औषधाचा वास आणि वर्गात टर्पेंटाइनचा, त्यामुळं घरच्यासारखंच वाटलं. तिथून मी थेट भांडगावला घरी आले आणि चपला काढता काढता जाहीर केलं, की मी कंपनी सोडते आणि चित्रकला शिकते.

आप्पा म्हणजे माझे वडील. हिशेब तोंडीच करतात. डोळे मिटायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा. ऊस असो, कांदा असो, कुणाच्या लग्नाचं जेवण असो, त्यांचा अंगठा फिरला की आकडा येतोच. त्यांनी लगेच डोळे मिटले.

"फी धर. भांडगाव-चौफुला, चौफुल्यावरनं न्हावऱ्यामार्गे शिरूर, जाऊन-येऊन एष्टी धर. रंग, कागद, ब्रश. दुपारचा वडापाव. आन् सगळ्यात मोठं म्हंजी कंपनीचा पगार बुडणार, त्यो धर."

"वडापाव मी कारेगावातबी खाते की. त्यो कशाला धरता?"

"बरं, वडापाव काढला," आप्पा डोळे न उघडता म्हणाले.

आई मेथी निवडत बसली होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "आन् हिचं लगीन वरीसभर लांबणार, त्ये धरा."

"त्ये रुपयांत धरता येत न्हाई."

"मग क्विंटलात धरा. पण धरा."

मला माहीत होतं की आप्पांना पटवायचं तर उसाच्या भाषेत बोलावं लागतं. म्हणून मी येतानाच एष्टीत मनाशी सगळं जुळवून आले होते. म्हटलं, "आप्पा, तुम्ही आडसाली लावता. दीड वर्ष रानात नुसतं पाणी आन् खत घालता, हातात एक रुपाया येत न्हाई. तवा कुणी म्हणतं का तुमाला, पैशे कुठं हायत? माझंबी तसंच समजा. वरीसभर घालायचं, मग काढायचं."

आप्पांनी डोळे उघडले. मला वाटलं, जिंकले. ते म्हणाले, "उसाला कारखाना हाय. तुझ्या चित्राला कंचा कारखाना हाय?"

मग मी चिडले. आदळआपट केली, जेवणार नाही म्हणाले, आणि आईनं मासवडी केली म्हणून जेवले. चार दिवस असंच चाललं. शेवटी आप्पांनी तोडगा काढला. वर्षभर शीक. सर्टिफिकेट आलं की पुढची एक लग्नसराई तुझी. लग्नसराई संपेपर्यंत कंपनीत तीन महिन्यांत मिळतात तेवढे पैसे कलेवर मिळवून दाखवायचे. मिळवले तर रस्त्याकडची खताच्या पोत्यांची खोली मोकळी करून देतो, तिथं दुकान टाक. नाही मिळवले तर गुमान कारेगावला जायचं आणि येतील ती स्थळं बघायची. मी हातावर टाळी दिली. आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि आम्हा दोघांकडं बघून कपाळाला हात लावला.

शिरूरचं वर्ष मजेत गेलं. आमचे सर दर सोमवारी सांगायचे, की कलेचं मोल होत नाही. आणि ज्याचा फीचा हप्ता राहिला असेल त्याला दर एक तारखेला जिन्यातूनच परत पाठवायचे. पण माणूस शिकवायला पक्का. सावली कुठं पडते, अक्षराला पोट कुठं असतं, थर्माकोल कसा कापला की भुगा होत नाही, धान्याची रांगोळी वाऱ्यात कशी धरून ठेवायची, सगळं हातात बसवलं. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा आईनं ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. आप्पांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ह्याच्यावर ब्यांक काय देती का?"

कामं मात्र सुरू झाली, आणि अशी सुरू झाली की मला श्वास घ्यायला वेळ मिळेना. अंगणवाडीची भिंत झाली. भावकीतल्या एकाच्या नव्या बंगल्यावर नाव लिहून झालं. जत्रेत देवळापुढं रांगोळी झाली. चुलतभावाच्या ट्रॉलीवर मागच्या बाजूला मोर झाला, आणि तो मोर बघून आणखी दोन ट्रॉल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि रुखवतं! लग्नात नवरीकडचे लोक मांडवात हौसेनं सजावटीच्या वस्तू मांडतात, ते रुखवत. आधी ज्याच्या घरात जी हौशी मुलगी असेल ती ते करायची. आता गावात सर्टिफिकेटवाली होती, तर सगळ्यांच्या हौशी पोरींनी हात झटकले.

सगळ्यात गाजलं ते बैलाचं काम. न्हावऱ्याकडचे एक मामा, वयानं आप्पांच्या बरोबरीचे, त्यांचा शर्यतीचा बैल. त्यांना त्याचं चित्र पिकअपच्या मागं काढून पाहिजे होतं. मी म्हटलं, "मामा, फोटो द्या." मामा म्हणाले, "फोटुत त्यो दमल्याला दिसतो." आणि बैलच घेऊन आले. तो बैल आमच्या दारात दोन दिवस बांधलेला. मामा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सूचना करायचे. डोळ्यात राग पाहिजे. पण दुष्टपणा नको. डावं शिंग जरा वाकडं आहे ते सरळ कर, त्याला काय कळतंय. दुसऱ्या दिवशी बैलानं माझा हिरव्या रंगात बुडवलेला ब्रश तोंडात धरला आणि शिस्तीत चावून टाकला. मामा कौतुकानं म्हणाले, "आवडला त्याला रंग."

चित्र झालं फक्कड. शर्यतीच्या दिवशी मला घाटात, म्हणजे बैल पळवायच्या धावपट्टीवर, स्टेजवर बोलावलं. निवेदकानं माईकवर गळा काढला, "गावची लेक, तालुक्याची शान!" आणि मामांनी मला शाल, श्रीफळ दिलं. आप्पांना फेटा बांधला आणि पुढच्या खुर्चीत बसवलं.

आता इथं माझी गोची कळायला हवी. अंगणवाडीच्या भिंतीला शाल, श्रीफळ. देवळाच्या रांगोळीला शाल, श्रीफळ. बंगल्याच्या नावाला शाल, श्रीफळ आणि वर साडीचं ब्लाउजपीस. रुखवतांना भर मांडवात नाव पुकारून सत्कार. आईची पेटी शालींनी भरली. नारळ तर विचारू नका. चटणी झाली, वड्या झाल्या, भाजीत घातला, आमटीत घातला, शेवटी म्हैससुद्धा खोबऱ्याकडं बघून तोंड फिरवायला लागली. टाळ्या वाजत होत्या, फोटो निघत होते, आणि पैसे? पैशाचं कुणी नावच काढत नव्हतं. मी रंगाचे पैसे तेवढे घ्यायची, तेसुद्धा जीभ चावत. आणि आप्पा प्रत्येक सत्कारानंतर घरी येऊन, फेटा खुंटीला अडकवून, अंगठा पेरांवरून फिरवायचे. "आवक शून्य," म्हणायचे. असा राग यायचा मला! पण म्हणायचं तरी काय, आवक होतीच शून्य.

मला वाटायचं लोकच चिकट आहेत. एकदा यवतला पेट्रोल पंपावर ते बैलवाले मामा भेटले. मी नमस्कार केला, बैलाची चौकशी केली, आणि जाता जाता टोमणा मारला, "मामा, चित्र टिकलंय ना? फुकटचा रंग लवकर उडतो म्हणत्यात."

मामांचं तोंड पडलं. "पोरी, मी पैशे खिशात घेऊन आलतो तुज्या घरी. तुज्या आप्पांनी माझा हात धरला. म्हणले, घरचंच काम हाय, पैशाचं नाव काढायचं न्हाई. मग मी म्हणलं, निदान सत्कार तरी करू."

मी गाडीवर तशीच बसून राहिले. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मग मी एकेकाला विचारत सुटले. बंगलेवाला म्हणाला, आप्पांनी पैसे देऊ दिले नाहीत. रुखवतवाली काकू म्हणाली, आप्पांनी शपथ घातली. ट्रॉलीवाला चुलतभाऊ म्हणाला, "आप्पा म्हणले तू भाऊ हायस का गिऱ्हाईक?" म्हणजे माझी कमाई दारापर्यंत यायची आणि आप्पा ती दारातून मानानं परत पाठवायचे. आणि संध्याकाळी तोच माणूस डोळे मिटून म्हणायचा, आवक शून्य!

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला वाटलंच हुतं." मी म्हटलं, "मग बोलली का न्हाईस?" ती म्हणाली, "तुमचा दोघांचा करार. मला कुणी इच्यारलं हुतं?"

भांडायला तोंड उघडलं होतं मी, पण मिटलं. डोक्यात दुसरंच आलं. आप्पांचा ट्रॅक्टर आहे. स्वतःच्या रानाचं झालं की लोकांच्या रानात रोटा मारतात, म्हणजे रोटाव्हेटरनं माती भुसभुशीत करून देतात, एकरी पैसे घेतात, आणि घेताना चुलता बघत नाहीत की मेहुणा. दुपारी आप्पा झोपले की त्यांचा फोन माझ्याकडं असायचा. मी उचलायला लागले.

"आप्पा हायत का? रोटा मारायचा हुता."

"उद्याच येतील की काका. आन् हे बघा, घरचंच रान हाय, पैशाचं नाव काढायचं न्हाई. आप्पांनीच सांगितलंय."

आप्पांना मी फक्त एवढंच सांगायची, की उद्या अमक्याचं रान आहे. तीन-चार रानं अशी झाली. पैसे मागायला आप्पा सगळी रानं उरकल्यावर एकदमच जायचे, तोवर ते बिचारे रोटा मारतच होते, खूश होते. शेवटचं रान बैलवाल्या मामांचं. मामांना मी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी रान संपल्यावर बांधावर पाच-पंचवीस माणसं गोळा केली आणि धुळीनं माखलेल्या आप्पांना ट्रॅक्टरवरून उतरवून शाल, श्रीफळ दिलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मामा म्हणाले, "आप्पा, तुमच्यासारखा दिलदार माणूस न्हाई."

आप्पा घरी आले ते अंगावर शाल, हातात नारळ, भुवया धुळीनं पांढऱ्या. ओट्यावर उभं राहून ओरडले, "कुणी सांगितलं फुकाट रोटा मारतो म्हणून? डिझेल काय तुझा बाप घालतो का?"

"व्हय," मी म्हटलं. "माझा बापच घालतो."

आई आत तोंडात पदर कोंबून हसत होती, ते भांड्यांच्या आवाजावरून कळलं. आप्पांनी अंगावरची शाल काढली. नारळ ओट्यावर ठेवला आणि खाली बसले. शालीची धूळ झटकायला लागले.

"मागायचं कसं गं?" मग ते हळूच म्हणाले. "सगळी आपलीच माणसं."

"रोट्याचे मागता की."

"रोट्याला डिझेल जळतं. लोकास्नी दिसतं."

"माझं जळताना दिसत न्हाई, एवढंच ना?"

आप्पांनी शाल घडी घालून आईकडं दिली. मला वाटलं, आता बदलतील. कशाचं काय! तिसऱ्या दिवशी लेबर कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला, की कारेगावला नवीन लाइन सुरू होतेय, पोरगी मृगाच्या आधी हजर पाहिजे. आप्पांनी माझ्यासमोर त्याला "बघू" म्हणायच्या जागी "पाठवतो" म्हणून टाकलं. कराराप्रमाणं लग्नसराई संपत आलीच होती आणि माझ्या हातात होता एका शिरूरच्या वर्गमैत्रिणीनं मेंदी काढल्याबद्दल दिलेला किरकोळ पैसा. मी रडले. या वेळी जेवणसुद्धा खरंच सोडलं. आई म्हणाली, "अजून एक लगीन राहिलंय."

राहिलं होतं ते आत्याच्या मुलीचं. आत्या कासुर्डीची, आप्पांची एकुलती एक धाकटी बहीण. आप्पांचा जीव तिच्यावर इतका, की आमच्या बागेतला पहिला पेरू दर वर्षी कासुर्डीला जायचा. आत्यानं रुखवत सांगितलं होतं, तेही असं की सोयऱ्यांचे डोळे दिपले पाहिजेत, कारण मुलगी शिरूरला देत होते, मोठ्या घरी. मी म्हटलं, "आप्पा, हे काम मी पैशे घेऊन करणार."

"बहिणीकडनं? डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं?"

"मग करारात बहीण सोडून असं म्हणायचं हुतं."

आप्पा उठून गोठ्यात गेले. मी रुखवत केलं, कारण मुलगी माझी आतेबहीण होती आणि कल्पना डोक्यात आली होती. नवरी कासुर्डीहून शिरूरला जाणार, तर तो रस्ताच करायचा. अख्खा. उडदाच्या डाळीची डांबरी, तिळाचे पांढरे पट्टे, यवतची गर्दी सुपाऱ्यांची. भांडगावला आमचं घर, दारात ट्रॅक्टर. चौफुल्याचा चौक आणि त्यात अडकलेली लाल एष्टी. पुढं ज्वारीच्या पात्यांचा ऊस, न्हावरा, आणि शेवटी शिरूरला नवऱ्या मुलाचं घर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसकट आणि फाटकात झोपलेल्या कुत्र्यासकट. साखरपुड्याला मी ते घर नीट बघून ठेवलं होतं. सगळं मिळून दोन टेबलं भरली.

मांडवात जी झुंबड उडाली! नवऱ्याकडच्या बायका टाकी बघून किंचाळल्या, कुत्रा बघून तर एकमेकींना चिमटे काढले. पोरं एष्टी ढकलून बघायला लागली. नवरदेवाचे काका, म्हणजे सोयऱ्यांत सगळ्यात मोठं प्रस्थ, टेबलाभोवती दोनदा फिरले. म्हणाले, "कुणी केलं हे? असलं तर पुण्यातबी मिळत न्हाई."

आत्याची छाती फुगली. "माझ्या भाचीनं. घरचंच हाय. एक रुपाया घेतला न्हाई पोरीनं."

"वा! मग झालं तर," काका हात पसरून म्हणाले. "माझ्या पोरीचं दिवाळीनंतर हाय. तिचं ह्यापेक्षा झकास करा. आता आपणबी पाहुणेच झालो की. फुकाट म्हंजी फुकाट!"

सगळे हसले. मी हसले नाही. अक्षता पडायच्या होत्या अजून, आणि अख्खा शिरूर तालुका माझा पाहुणा झाला होता. आप्पा माझ्या शेजारी उभे होते. नवा सदरा, नवरीचा मामा म्हणून मानाचा फेटा. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला माहीत होतं ते काय म्हणणार, घरचंच काम, पैशाचं नाव काढायचं नाही. मनातल्या मनात मी कारेगावच्या खोलीत माझी गादी कुठं टाकायची ते ठरवत होते.

आप्पा खाकरले. "फुकाट न्हाई ओ," ते म्हणाले. "आमची बहीण लाजून बोलत्या. तिनं रोख पैशे मोजून घेतलंय हे." आणि त्यांनी आकडा सांगितला. मी मनातसुद्धा कधी धरला नव्हता एवढा आकडा. मग ते आत्याकडं वळले आणि हसऱ्या तोंडानं म्हणाले, "व्हय ना गं?"

आत्याचं तोंड उघडं राहिलं. समोर व्याही, विहीण, काका, सगळं गणगोत. नाही म्हणावं तर सोयऱ्यांपुढं भाऊ खोटा पडतो, आणि हो म्हणावं तर पैसे मोजावे लागतात. तिनं आप्पांकडं असं बघितलं, की मी दोन पावलं मागं सरकले.

"व्हय," आत्या म्हणाली. "मोजून दिले."

काकांनी मान डोलावली. एवढे पैसे पडले म्हणजे माल भारी असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तिथंच खिशात हात घालून त्यांनी मला विसार दिला. एकानं दिला म्हटल्यावर दुसऱ्या एका सोयऱ्यानंही दिला. आणि मुलगी सासरी निघाल्यावर, रडारड झाल्यावर, आत्या मांडवाच्या मागं आली. माझ्या हातात नोटा ठेवल्या, आप्पांनी सांगितलेल्या आकड्याइतक्या, बरोबर. माझ्याशी बोलली नाही. आप्पांकडं बघितलं नाही. आहेराची पातेली मोजायला निघून गेली.

कासुर्डीहून आम्ही गाडीवर परत निघालो. मी मागं बसले होते, पर्स पोटाशी धरून. कंपनीच्या तीन महिन्यांचे झाले होते, वर थोडे राहिले होते. मला नाचावंसं वाटत होतं आणि नाचता येत नव्हतं, कारण आप्पांची पाठ ताठ होती. यवत मागं पडल्यावर आप्पांनी वेग कमी केला. रसवंतीवर गाडी थांबवली. रस घेतला, आणि ग्लास हातात तसाच धरून म्हणाले, "तिच्याकडं मी आयुष्यात काय मागितलं नव्हतं. मेल्याहून मेल्यागत झालं हुतं मला."

"दिसलं न्हाई."

"वरीसभर शिरूरला काय काय शिकवलं तुला. हे मागायचं कसं, त्ये शिकवलं का?"

"न्हाई."

"मग फी कशाची घेतली त्यांनी?" आप्पा म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मीही हसले, रस नाकात गेला. मग ते म्हणाले, "तू चित्रं काढ. मागायचं माझ्याकडं लागलं. एकदा बहिणीकडं मागितलं म्हंजी आता जगात कुणाकडंबी मागता येतंय."

खोली मोकळी झाली. खताची पोती गोठ्यात गेली, कॉन्ट्रॅक्टरला आप्पांनी स्वतः फोन करून सांगितलं, की पोरगी येत नाही, तिचा धंदा आहे. आणि मागायला लागले ते असे मागायला लागले, की बैलवाले मामा दुसऱ्या बैलाचं चित्र सांगायला आले तेव्हा आप्पांनी त्यांच्याकडून पहिल्याचेही घेतले. मामा मला म्हणाले, "आधीचे आप्पा बरे हुते."

राखी पौर्णिमेला आत्या आली नाही. दर वर्षी सकाळच्या गाडीनं येते ती. आप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसून राहिले. यवतकडून येणारी प्रत्येक जीप थांबली की मान वर करायचे. बारा वाजून गेले तसे उठले, पिशवीत साडी घातली आणि स्वतःच कासुर्डीला निघाले. मी येऊ का विचारलं तर हातानंच नको म्हणाले.

ऊन उतरायच्या आत परत आले. मनगटावर राखी होती. आईनं विचारलं, "बोलल्या का वन्सं?"

"बांधली. साडी घेतली," आप्पा म्हणाले. "जेव म्हणली न्हाई."

आई ताट वाढायला लागली. बहिणीच्या घरून उपाशी येणं आप्पांना आयुष्यात ठाऊक नव्हतं. ते भाकरी मोडत होते, राखीचा गोंडा आमटीत बुडत होता, त्यांचं लक्ष नव्हतं. मी समोर बसून होते. मी वाकून तो गोंडा आमटीतून बाहेर काढला.

"ह्यो खर्च तू धरला नव्हता," आप्पा म्हणाले.

"न्हाई."

"मीबी न्हाई धरला," ते म्हणाले, आणि आईकडं आणखी अर्धी भाकरी मागितली.